बीपीची गोळी वजनावर मोजून घ्यायची नसते

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वजन ५० किलोच्या आत असेल तर बीपीची अर्धीच गोळी घ्या, जाड माणसाला दुप्पट लागते.’ हे चूक आहे. प्रौढ माणसाला ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी सहसा ५ मिलिग्रॅमने सुरू होते आणि पुढे १० पर्यंत वाढते, ती बीपीचे आकडे बघून. किरकोळ, वयस्कर माणसाला डॉक्टर २.५ ने सुरुवात करतात. मेसेजचं मूळ बहुधा हेच असावं. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

वजनाचा संबंधच नाही, असंही नाही. ‘अकम्प्लिश’ या मोठ्या अभ्यासाच्या २०१३ मधल्या विश्लेषणात, बेनाझेप्रिल या बीपीच्या औषधासोबत लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या सडपातळ रुग्णांना हृदयविकाराचे त्रास स्थूल रुग्णांपेक्षा जास्त झाले. जोडीला ॲम्लोडिपिन असलेल्यांत हा फरक दिसला नाही. २०१५ मध्ये २२ चाचण्यांतल्या १ लाख ३५ हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा वजन बघून औषधाचा प्रकार निवडावा असा भक्कम पुरावा मिळाला नाही.

एक किलो वजन उतरलं की बीपी साधारण एका अंकाने उतरतं, हे मात्र खरं. (पापड-लोणचं आणि शेवभाजीतलं मीठ कमी केलं तर आणखी.) तेव्हा गोळी कमी होऊ शकते, पण डॉक्टरांनी मोजून. आपल्याकडच्या मे महिन्यात लघवीची गोळी घेणाऱ्याला चक्कर येत असेल तर तेही त्यांनाच सांगा. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं.