विकतचं दुखणं, ४५,००० लिटर

घरी स्विमिंग पूल आहे असं सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर आधी हेवा येतो आणि मग लगेच "एकदा यायला पाहिजे हं तुमच्याकडे" येतं. या की. फक्त येताना जुने कपडे घेऊन या, कारण गेल्या दीड वर्षात मी त्या पाण्यात पोहलोय मोजून चार वेळा, त्यातही एकदा पाय घसरून पडलो होतो पण पडल्यावर हातपाय मारले म्हणून तेही मी पोहण्यातच धरतो. बाकी सगळा वेळ मी काठावर. हातात लांबलचक दांडा.

आमचा टँक ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल. गुणाकार केला की ४४.८ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर धरा. हा आकडा मोबाईल नंबरसारखा पाठ लागतो, कारण आत टाकायच्या प्रत्येक औषधाचा डोस त्याच्यावरून निघतो. मला वाटलं होतं एकदा पाणी भरलं की झालं. एक बादली भरून अंगणात आठ दिवस ठेवली असती तरी अक्कल आली असती, पण बादलीकडे कोण बघतो.

पहिली खरेदी जाळी. जाळीला दांडा लागतो, तो खेचला की लांब होतो आणि पिळला की लॉक होतो, म्हणजे तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. आता काठाजवळ पडलेलं पान मी आजवर पाहिलेलं नाही, पान कायम मधोमध. तुम्ही ओणवे होऊन जाळी पुढे करता, जाळीमुळे बारीकशी लाट उठते, लाटेवर बसून पान वीतभर पुढे जातं, तुम्ही अजून वाकता, आणि नेमका तेव्हाच लॉक सुटून दांडा स्वतःच्या पोटात शिरतो. मागून बायको म्हणते, "अहो, जाऊ दे ना एक पान." एक पान! ते बुडून तळाशी गेलं की त्याचं काय होतं हे तिला माहीत नाही. मलाही आधी नव्हतं.

तळाचं काढायला व्हॅक्यूम. हा घरातल्या व्हॅक्यूमसारखा नसतो, त्याला मोटर नाही, त्याचं डोकं त्याच दांड्याला लावायचं आणि पाईपचं दुसरं टोक स्किमरमध्ये, म्हणजे भिंतीतल्या ज्या खिडकीतून पाणी पंपाकडे जातं तिथे, ओढायचं काम पंप करतो. पण आधी पाईपमधली सगळी हवा काढावी लागते, नाहीतर ती हवा पंपात जाते आणि पंप पाणी ओढायचं सोडतो, नुसता घरघरतो. म्हणून पाईपचं तोंड जिथून पाणी परत टँकमध्ये येतं त्या भोकाला धरून ठेवायचं, दुसऱ्या टोकाचे बुडबुडे थांबेपर्यंत. दहा मीटरचा पाईप, भरला की अजगर. मी एका हाताने एक टोक पाण्याखाली दाबलेलं, दुसरं टोक पायाने, आणि शेजारचे कंपाउंडवरून विचारतात, "काय, पोहणं चाललंय का?"

ब्रशच्या बाबतीत मी जरा शहाणपणा केला. नायलॉनचा आणि स्टीलचा असे दोन होते, मी म्हटलं स्टीलचा जास्त काम करेल. केलंच त्याने. स्टीलचा ब्रश साध्या सिमेंटच्या टाकीसाठी असतो, आमच्या टाईल्सवर त्याने जे चरे पाडले ते पाणी नितळ असलं की अजून दिसतात. बायको त्या कोपऱ्याला माझी सही म्हणते.

पण या सगळ्या गोतावळ्याचा खरा मालक म्हणजे सँड फिल्टर. मोठं गोल पिंप, आत बारीक वाळू, वर एक हँडल आणि हँडलला सहा जागा: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स वगैरे. नियम एकच, हँडल फिरवायच्या आधी पंप बंद. हा नियम मला प्लंबरने दोनदा सांगितला होता. तिसऱ्यांदा तो नवीन गॅस्केट घेऊन आला तेव्हा काही बोलला नाही, नुसतं बघितलं. पिंपावर प्रेशरचा काटा असतो, स्वच्छ वाळूवर जिथे असतो त्याच्या ८-१० पीएसआय वर गेला की उलटं पाणी मारून वाळू धुवायची, तोच बॅकवॉश. तेव्हापासून सकाळी उठल्या उठल्या मी आधी काटा बघतो, मग घड्याळ. तळ साफ करणारा रोबोही घेतला मध्येच, हौस म्हणून. तो इमानदारीत काम करतो, पण एकाच कोपऱ्यात, आणि स्वतःच्या वायरला इतके पीळ घालतो की तो साफ करतो त्याच्या दुप्पट वेळ मी वायर सोडवतो.

तर झालं असं की मेहुणा सहकुटुंब रविवारी येणार होता, "पोहायला". आणि आदल्या बुधवारी आम्ही बाहेरगावाहून परत आलो तर पाणी हिरवं. नुसतं हिरवट नाही, म्हैस बसवावी असं हिरवं. पंपाचा टायमर मी जाताना चालूच्या जागी बंदवर ठेवून गेलो होतो. त्यात क्लोरीन संपलेलं, मग शेवाळाला काय, मोकळं रान.

लागलो कामाला. आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल, किती अल्कली त्याचा आकडा. तो ७.२ ते ७.८ मध्ये लागतो, आमचा ८ च्या वर गेलेला, आणि पीएच चढला की क्लोरीन हजेरी लावतं पण काम करत नाही. ॲसिडने तो खाली आणला. (इथे गंमत बाजूला: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि दोन वेगळ्या जातीची क्लोरीनची पावडर एका डब्यात चुकूनही मिसळायची नाही, पेट घेते.) मग संध्याकाळी शॉक, म्हणजे क्लोरीनचा मोठा डोस. संध्याकाळीच का, तर उन्हात क्लोरीन उडून जातं. रात्रभर पंप चालू, सकाळी ब्रश, बॅकवॉश, परत ब्रश.

गुरुवारी संध्याकाळी टेस्ट किट काढलं. छोट्या नळीत पूलचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि गुलाबी रंग आला की तो डब्याच्या झाकणावरच्या छटांशी जुळवायचा, क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग, आलं की जिंकलात. मी थेंब टाकले, चष्मा कपाळावर सरकवून नळी खिडकीतल्या उजेडात धरली. पांढरं शुभ्र पाणी. म्हणजे क्लोरीन शून्य! म्हटलं शेवाळाने खाल्लं सगळं. अजून टाकलं. शुक्रवारी तपासलं, शून्य. अजून टाकलं. इकडे पाणी हिरव्याचं दुधी, दुधीचं निळसर होत चाललेलं, पण किट म्हणतंय शून्य आणि माझा किटवर विश्वास, कारण ते महाग होतं.

शनिवारी संध्याकाळी पाणी असं नितळ की तळाला पडलेली माझी हरवलेली किल्ली दिसली. परत टेस्ट, परत शून्य. मी चौथा डबा उघडतोय तोवर बायको शेजारी येऊन उभी राहिली, म्हणाली, "अहो, थांबा. परत टाका बरं थेंब." टाकले. "बघा, पहिला थेंब पडला तिथे गुलाबी झालं होतं. लगेच गेलं." मी म्हटलं अगं उजेडाचा भास असेल. तिने किटमधला तो घडीचा कागद काढला, जो मी दीड वर्ष डब्याच्या तळाशी मऊ बसायला म्हणून ठेवला होता, आणि वाचून दाखवला: क्लोरीन फार जास्त असेल तर ते टेस्टचा रंगच उडवून टाकतं, आणि पाणी शून्यासारखं पांढरं दिसतं.

मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, एक भाग पूलचं पाणी, नऊ भाग ते, परत थेंब. असा गुलाबी रंग आला की बास. झाकणावर अडीच. गुणिले दहा. २५ पीपीएम.

रविवारी मेहुणा आला, मुलं टॉवेल गळ्यात घालूनच गाडीतून उतरली. "दाजी, पाणी काय काचेसारखं आहे हो! उतरू?" म्हटलं, नको. "का?" उन्हाने क्लोरीन खाली यायला दोन-तीन दिवस तरी लागतील हे मी त्याला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, हिरवं असताना उतरता येत नव्हतं हे कळतं, पण आता? माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी त्याला पंपरूम दाखवायला नेलं. तिथे तो रमला. काटा कशाचा, हे हँडल कशाचं, मी फिरवून बघू का. (पंप बंद! मी ओरडलोच.) बाहेर आल्यावर मधोमध एक पान पडलेलं दिसलं. त्याने दांडा उचलला, मी काही बोललो नाही, खुर्ची ओढली आणि दीड वर्षात पहिल्यांदा स्वतःच्या पूलच्या काठावर बसलो. तो तासभर त्या पानामागे होता. दांडा त्याच्याही हातात पोटात शिरला, तेव्हा मला जे सुख झालं ते सांगता येणार नाही. मुलं आळीपाळीने ब्रश मारत होती आणि रोबोची वायर कुणीतरी माझ्या आधीच सोडवली.

मंगळवारी मेहुण्याचा फोन आला. म्हटलं, क्लोरीन उतरतंय, पुढच्या रविवारी या, नक्की पोहू.

"ते राहू दे हो दाजी," तो म्हणाला, "आमच्याकडे मागची जागा मोजली काल. तुमचा पंप किती एचपीचा आहे?"