वर्गणी देणाऱ्यांचा प्रिन्स

परवा जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजले असतील. मागे तालमीतली बैठक नुकतीच उठल्याचा गोंगाट ऐकू येत होता. "दादा, तुमच्याकडं असल्या पोराचं काय करतात रे?"

पोरगा म्हणजे आमच्या पेठेचा स्ट्रायकर. यंदाचा हंगाम संपला की तो दुसऱ्या तालमीकडून खेळणार आहे. त्यांनी मानधन दुप्पट सांगितलंय आणि हे त्यानं स्वतः कमिटीसमोर येऊन कबूल केलं. तेव्हापासून तालमीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, जाणारच आहे तर आजच नारळ द्या, त्याचे पैसे वाचवा आणि बाहेरचा एखादा बचावपटू आणा, तो पुढच्या वर्षीही कामाला येईल. दुसरा तट म्हणतो, सेमीफायनल तोंडावर आली असताना गोल करणारं पोरगं घरी बसवता काय?

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी नावाच्या शहरात राहतो. मिशिगन सरोवराच्या काठावरचं, यंत्रांच्या कारखान्यांचं आणि बिअरचं हे शहर. पंचक्रोशी धरून वस्ती पंधरा-सोळा लाखांची. एवढ्याशा गावाला मोठ्या लीगमधला बेसबॉलचा संघ आहे, ब्रूअर्स. आणि भावानं विचारलेला प्रश्न मी इथं नवीन आलो त्या हिवाळ्यात, २०१० च्या डिसेंबरात, कारखान्याच्या प्रत्येक टेबलावर चघळला जात होता. फक्त पोराचं नाव प्रिन्स फील्डर होतं.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फील्डर डावखुरा, उंची सहा फुटांच्या आत, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. असा गडी २००८ मध्ये शाकाहारी झाला, यावर माझ्या आईचा फोनवर विश्वासच बसला नव्हता. त्याचं काम एकच, चेंडू प्रेक्षकांत पाठवायचा. २००७ मध्ये त्यानं ५० होमरन मारले तेव्हा तो २३ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात पन्नाशी कुणीच गाठली नव्हती. ब्रूअर्सनी त्याला २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडण्याच्या फेरीत घेतलं, खालच्या संघांत वाढवलं, म्हणजे पोरगा घरचाच. पण बेसबॉलचा नियम असा की वरच्या संघात सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो आणि जो जास्त देईल त्याच्याकडे जातो. फील्डरची सहा वर्षं २०११ च्या हंगामाबरोबर संपणार होती. त्या एका हंगामाचे त्याला साडेपंधरा दशलक्ष डॉलर द्यायचे होते आणि त्यानंतर तो राहणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

राहणार नाही, कारण इथं प्रत्येक संघाचा खिसा वेगळा. आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच आयपीएलचा दाखला देतो, पण तो इथं लागू पडत नाही. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामात दहाही संघांना खेळाडूंवर खर्चायला सारखेच १२० कोटी होते. बेसबॉलमध्ये पगाराला अशी वरची मर्यादा नाही, ठरावीक आकड्यापुढे गेलं तर कर भरायचा एवढंच. आणि संघाची खरी कमाई स्थानिक टीव्हीवर ठरते. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना एका टीव्ही करारातून २५ वर्षांत ८ अब्ज डॉलरच्या वर मिळणार आहेत. मिलवॉकीत तेवढी घरंच नाहीत, तर टीव्हीवाले पैसे कशाचे देणार? म्हणून लहान गावाच्या संघाला दर दोन-तीन वर्षांनी हाच हिशेब करावा लागतो. महागडा फटकेबाज फुकट निघून जाण्याआधी दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात दोन-चार होतकरू पोरं घ्यायची की नाही?

हिशेबाच्या बाजूनं बोलणारे मूर्ख नसतात. त्यांच्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण त्याच डिसेंबरातलं आहे. कॅन्सस सिटीचा संघही आमच्यासारखाच लहान गावाचा. त्यांनी आपला सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, झॅक ग्रिंकी सोडला, तोही नेमका मिलवॉकीला. बदल्यात आमच्याकडून लॉरेन्झो केन आणि आल्सिडेस एस्कोबार यांच्यासह चार तरुण पोरं नेली. २०१५ मध्ये कॅन्सस सिटी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, तेव्हा केन आणि एस्कोबार त्या संघाचे कणे होते. मिलवॉकीनं आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही म्हटल्यावर हे वाक्य इथल्या माणसाला किती झोंबतं, ते मी रोज बघतो.

तरीही माझं मत ठाम आहे. फील्डरला ठेवला तेच बरोबर होतं.

कॅन्सस सिटी त्या वर्षी ९५ सामने हरली होती. ग्रिंकीला ठेवून ते पुढच्या वर्षी कुठंच पोचणार नव्हते. रिकाम्या घरात भारी झुंबर टांगून काय करायचं? त्यांनी विकलं ते शहाणपणच. ब्रूअर्सही २०१० मध्ये जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त होते, पण त्यांच्याकडे फलंदाज होते, फील्डर होता, रायन ब्रॉन होता. कमी होती ती पिचिंगची. तेव्हा त्यांनी फील्डरला बाजारात उभं न करता त्याच्या शेवटच्या वर्षासाठी दोन पिचर आणले, ग्रिंकी आणि शॉन मार्कम. एक वर्ष, एक डाव, सगळं पणाला.

ते वर्ष मी पाहिलं. आमच्या खात्यातला एक जुना फिटर, साठी ओलांडलेला, मला पहिल्यांदा घेऊन गेला. सामन्याच्या तीन तास आधी वाहनतळावर हजारो गाड्या, प्रत्येक गाडीमागे शेगडी, शेगडीवर ब्राटवुर्स्ट नावाचे सॉसेज आणि सगळीकडे धूर. जोतिबाच्या यात्रेत बैलगाड्यांमागे चुली पेटायच्या असं आजोबा सांगायचे, त्याची आठवण झाली. मग आत गेलो. छप्पर बंद होतं. आम्ही एकदम वरच्या मजल्यावर, तिथून खेळाडू बोटभर दिसतात. फील्डरनं बॅट फिरवली, चेंडू निघालेला दिसला आणि त्यानंतर, अगदी पापणी लवेपर्यंतच्या अंतरानं, लाकडाचा तो आवाज वर आला. कोरड्या ओंडक्यावर कुऱ्हाड बसावी तसा. चेंडू कुठं पडणार हे फिटरला आवाजावरून कळलं. तो आधीच उभा राहिला होता. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात धरून मला उठवलं. या देशात येऊन मला सात महिने झाले होते आणि तोवर कुणी असा हात धरला नव्हता.

त्या हंगामात फील्डरनं ३८ होमरन मारले. ब्रूअर्सनी ९६ सामने जिंकून आपला गट जिंकला, प्लेऑफची एक मालिका जिंकली. १९८२ नंतर पहिल्यांदाच. स्टेडियमला ३० लाख ७१ हजार प्रेक्षक आले. पंधरा-सोळा लाखांच्या गावात! वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे सेंट लुईसनं हरवलं. फील्डर गेला. डेट्रॉइटनं त्याला ९ वर्षांचे २१४ दशलक्ष डॉलर कबूल केले. मिलवॉकीनं तेवढे दिले नाहीत, तेही बरोबरच केलं. डेट्रॉइटनंच त्याला दोन वर्षांत टेक्सासला देऊन टाकलं, मग मानेची शस्त्रक्रिया झाली आणि २०१६ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. ३१९ होमरनवर तो थांबला; त्याचे वडील सेसिल यांचेही नेमके तेवढेच.

म्हणजे ठेवणं वेगळं आणि बांधून ठेवणं वेगळं. संघ जिंकण्याच्या टप्प्यात असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत ठेवावा. नंतर परवडत नसेल तर जाऊ द्यावा.

याउलट काय होतं तेही आम्ही भोगलंय. १ ऑगस्ट २०२२. ब्रूअर्स गटात पहिले होते. शेवटच्या डावात येऊन सामना मिटवणारा पिचर जॉश हेडर महाग होत चालला होता. संघानं त्याच दिवशी त्याला सॅन डिएगोला दिला. हिशेबाला हे पक्कंच होतं. बदल्यात मिळालेल्या एका पोराला पुढे फिरवून विल्यम कॉन्ट्रेरास हा उत्तम कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, हाती आला, तो आजही आमचा आधार आहे. पण त्या आठवड्यात पिट्सबर्गसारख्या तळाच्या संघाकडून तिन्ही सामने हरलो आणि हंगामअखेर प्लेऑफ हुकलं. फिलाडेल्फियाचे ८७ विजय, आमचे ८६. एका सामन्यानं. हेडर असता तर तो एक सामना जिंकलो असतो का, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण पहिल्या क्रमांकावरच्या संघातून त्याचा हुकमी गडी काढून घेतला की उरलेल्यांना काय कळायचं ते कळतं. आपले मालक यंदा जिंकायला आलेले नाहीत.

आता मला खरं जे सांगायचंय ते. विकण्याच्या चर्चेत इथं नेहमी एक वाक्य येतं, "हा शेवटी धंदा आहे." मालक बोलतो, वर्तमानपत्रं लिहितात, माझ्या खात्यातली पंचवीस-तिशीतली पोरंही मान डोलावतात. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मी शिवाजी पेठेत शिकलो.

आमच्याकडे संघ तालमीचा, तालीम पेठेची आणि पेठ वर्गणीवर चालते. पानवाला देतो, दूधवाला देतो, निवृत्त मास्तर पेन्शनमधून देतात. म्हणून शाहू स्टेडियमवर हरून आल्यावर कोणताही वर्गणीदार अध्यक्षाला चौकात अडवून विचारतो, त्या पोराला का बसवलंस? अध्यक्षाला उत्तर द्यावं लागतं.

मिलवॉकीनं वर्गणी दिली नाही असं कोण म्हणतं? २००१ मध्ये उघडलेलं हे स्टेडियम उभारण्यासाठी पाच काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, विक्रीकर वाढवला होता. दर दहा डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. १९९६ पासून २०२० च्या मार्चपर्यंत, चोवीस वर्षं, डायपर घेणाऱ्या आईनं आणि कारचं टायर घेणाऱ्या फिटरनं तो सेंट दिला. त्यातल्याच रॅसीन काउंटीच्या ज्या राज्य सिनेटरनं आयत्या वेळी बाजू बदलून या कराला मत दिलं, त्याला लोकांनी १९९६ मध्ये मधूनच घरी पाठवलं, इतका राग होता. २०२३ मध्ये पुन्हा दुरुस्तीसाठी सुमारे ५०० दशलक्ष डॉलर सरकारी तिजोरीतून मंजूर झाले, बदल्यात संघ २०५० पर्यंत इथंच राहील असं ठरलं. या गावाला संघ निघून जाण्याची जुनी भीती आहे. इथले ब्रेव्ह्ज १९५७ मध्ये जगज्जेते झाले आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेलेसुद्धा. लोक पैसे देतात ते त्या भीतीपोटी आणि प्रेमापोटी.

वर्गणी घेताना संघ गावाचा आणि गडी विकताना मात्र धंदा, हे मला पटत नाही. होतकरू पोरांच्या यादीची किंमत मालकाच्या वहीत असते. सेंट देणाऱ्या माणसाला परत काय मिळतं? संघ जिंकायच्या बेतात असताना त्याचा सगळ्यात मोठा गडी मैदानात दिसतो, बस एवढंच. तेवढंही काढून घ्यायचं असेल तर मग कर कशाला घेतला?

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं लोक ऐकणार न्हाईत. गद्दार म्हणतात त्याला." यावर मला इथली एक गोष्ट त्याला सांगावीशी वाटली. १६ ऑक्टोबर २०११, सेंट लुईसविरुद्धचा सहावा सामना. १२-६ असे हरत होतो, हंगाम संपत होता. फील्डर शेवटच्या वेळी बॅट घेऊन आला. तो जाणार हे प्रत्येकाला माहीत होतं आणि पैशांसाठीच जाणार हेही. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मी फिटरकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. टोपी काढून छातीशी धरली होती, थेट पलीकडच्या मैदानाकडे बघत. त्यानंतर गाडीपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

आमच्या पेठेतला तो पोरगा वीस वर्षांचा आहे. बाप रिक्षा चालवतो. दुप्पट मानधन त्यानं नाकारावं असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी स्वतः जास्त पगारासाठी पेठ सोडून सातासमुद्रापार आलो. मला कुणी गद्दार म्हणालं नाही, उलट स्टेशनवर हार घातले.

उद्या रात्री नऊला पुन्हा बैठक आहे. इथं सकाळचे साडेदहा असतील. फोन स्पीकरवर ठेव, असं भावाला सांगितलंय. त्याला सेमीफायनल खेळवा, फायनलला गेलो तर फायनल खेळवा, आणि शेवटचा सामना झाला की पोराला पेठेतून हलगीवर घरी सोडा, एवढंच मी बोलणार आहे. यंदाची माझी वर्गणी पोचली आहे, पावती भावाकडे आहे.