माती उचलली म्हणजे विहीर सुटली असं नाही

‘डिझेल सांडलेली माती उचलून नेली की काम संपलं’ हे सांडलेल्या डिझेलच्या सफाईवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य आमच्या धुळ्याकडे तरी लागू पडत नाही. इथे वर काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, खाली मुरूम आणि काळा पाषाण. आमच्या शिवाराजवळ हायवेवर टँकर उलटला तेव्हा माती लगेच उचलली होती. तरी पावसाळ्यात विहिरीला पाणी चढलं आणि वर रंगीत तवंग आला; बादलीच्या दोरालासुद्धा वास. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, पातळीबरोबर वरखाली होतं आणि खडकाच्या फटींत चिकटून राहतं.

लेखातला, डिझेल खाऊन संपवणाऱ्या जिवाणूंचा उपाय चांगलाच आहे, पण त्यांना हवा, नत्र, स्फुरद लागतं. ते खोल फटींत पोचवायचं कसं, यावर जरूर लिहा. आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पुढचे दोन-तीन पावसाळे तपासलंच पाहिजे.