खंयच्या सालातलो अली?

गणपतीला आठ दिवस राहिले की आमच्या मालवणात दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक गणपतीच्या शाळेत, दुसरी सलूनात. शाळेत निदान मूर्तीवर रंग चढताना बघत उभं राहता येतं. सलूनात आपला उतरलेला रंग आरशात बघत बसावं लागतं.

मी शक्यतो त्या आठवड्यात तिकडे फिरकत नाही. पण या वर्षी आईने सकाळच्या चहाबरोबरच सुनावलं, "मुंबयसून सगळे येतले. तेंच्यासमोर ह्या असल्या अवतारात आरतेक उभो रवतलंस?" नाइलाज झाला.

आमच्या सलूनात खुर्च्या दोन. एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर बिघडलेला टेबलफॅन बसतो, तोही नंबर लावल्यासारखा. आरशाच्या डाव्या अंगाला बॉक्सर मुहम्मद अली. लिस्टन खाली उताणा पडलाय आणि अली हात आखडून त्याच्यावर खेकसतोय, साल १९६५. हे चित्र सलूनवाल्याच्या वडिलांनी चिकटवलेलं. उजव्या अंगाला माइक टायसन, काळी चड्डी, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं, मधे मान नाही. हे खुद्द सलूनवाल्याने लावलेलं. दोघांत मोठा बॉक्सर कोण, यावर सलूनात रोजची लढत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची बाजू लढवायला त्यांचे दोस्त अण्णा रोज दहाच्या ठोक्याला बाकड्यावर येऊन बसतात. अण्णा जन्मभर बोटीवर होते. त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलेलं नाही, दाढी ते घरी करतात. अलीला एकटा गाठून कोणी बडवू नये, एवढ्यासाठीच ते येतात.

आमच्या सलूनात दाढी आधी, केस मागाहून. का, ते विचारायचं नाही. तर माझ्या गळ्याभोवती फडकं आवळलं गेलं, नाकाच्या शेंड्यापर्यंत फेस चढला आणि मी मतप्रदर्शनाच्या हक्काला मुकलो. हीच वेळ साधून सलूनवाल्याने आरशातूनच अण्णांना ललकारलं.

"अण्णांनू, मायकल स्पिंक्स. तोपर्यंत एकदापण हरलेलो नाय. तेका टायसनान ९१ सेकंदात झोपयल्यान. माझो ब्रश मास्तरांच्या तोंडार फिराक हेच्यापेक्षा जास्ती येळ लागता!"

हे खरं होतं. २७ जून १९८८ची ती लढत. आणि ब्रश अजून फिरतच होता.

"स्पिंक्स समोर उभो रवलो म्हणान गावलो," अण्णा म्हणाले. "अली गावतलो खंय? तो काय मोरीत घातलेलो बांगडो आसा?"

आणि मग जे व्हायचं तेच झालं. अण्णांनी मोंबासा काढलं. ३० ऑक्टोबर १९७४ला अण्णांची बोट मोंबासाला नांगरून होती. अलीची लढत तिकडे झाईरमध्ये, म्हणजे आताच्या काँगोत, किन्शासाला, पहाटे चारला. मोंबासाला तेव्हा सकाळचे सहा, त्यामुळे अण्णांनी ती रेडिओवर चहाबरोबर ऐकली. ही गजाल मी इतक्यांदा ऐकलीय की त्या चहात साखर कमी होती हेसुद्धा मला पाठ आहे. जॉर्ज फोरमन तेव्हा २५ वर्षांचा, हरणं ठाऊक नसलेला राक्षस. अली ३२चा. सगळ्यांना वाटलं, हा नाचत राहील. हा नाचला एकच राउंड आणि मग गेला दोरांना टेकून उभा राहिला. मार, म्हणाला, किती मारतोस ते. फोरमनने सात राउंड ठोसे घातले, हात शिशाचे झाले, आणि आठव्यात अलीने दोन-चार मोजके देऊन त्याला पंख्यासारखा गरगरवून पाडला. दोर दाखवायला अण्णा बाकड्यावर मागे रेलले, तेव्हा त्यांचं कोपर शेजारी पेपर वाचणाऱ्याच्या बरगडीत गेलं. त्या माणसाने पेपर घडी करून ठेवला आणि तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. नंबर सोडला नाही, फक्त रिंगच्या बाहेर गेला.

सलूनवाल्याकडे मात्र हुकमाचा पत्ता तयार होता. वस्तरा माझ्या कानाजवळ धरून तो म्हणाला, "लॅरी होम्सान अलीक मारल्यान. होय मां? आणि होम्साक टायसनान चौथ्याच राउंडात झोपयल्यान. मगे मोठो कोण?"

हिशेब वरून सरळ दिसतो, शाळेतल्या बेरजेसारखा. पण बॉक्सिंगची गत आपल्या त्या उंदराच्या लग्नाच्या गोष्टीसारखी आहे. सूर्यापेक्षा ढग मोठा, ढगापेक्षा वारा, वाऱ्यापेक्षा डोंगर, आणि डोंगराला पोखरतो पुन्हा उंदीरच. १९७१ला जो फ्रेझरने अलीला पंधरा राउंड लढून हरवलं. त्या फ्रेझरला १९७३ला फोरमनने दोन राउंडांत सहा वेळा जमिनीवर घातलं. त्या फोरमनला अलीने पाडलं. केन नॉर्टनने तर अलीचा जबडा मोडला, आणि तोच नॉर्टन फोरमनसमोर दोन राउंडसुद्धा टिकला नाही. आता लावा बेरीज. हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत होतो, कारण वस्तरा गळ्यावर आला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातला कॉलेजातला मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मार्सियानो. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय. विषय संपला."

दोघेही त्याच्यावर तुटून पडले. परकं गलबत दिसलं की आपसात भांडणारे रापणकर एक होतात, तसे. रॉकी मार्सियानोचं वजन जेमतेम ८५ किलो, आजच्या हिशेबात तो हेवीवेटमध्येही बसायचा नाही. त्याची वर्गवारी क्रूझरवेट, हेवीवेटच्या खालची. आणि ज्या जुन्या जगज्जेत्याला, जो लुईला, त्याने १९५१ला हरवलं, तो लुई ३७ वर्षांचा होता, कर भरायला पैसे नाहीत म्हणून पुन्हा रिंगमध्ये उतरलेला.

पण मला त्या पोराची कणव आली. कारण अली विरुद्ध मार्सियानो ही लढत जगात खरोखर लावून झालेली आहे. १९६९ला मायामीत दोघांना रिंगमध्ये उतरवून एकेक मिनिटाचे सत्तरेक राउंड चित्रित केले. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीवर बंदी होती, म्हणून तो रिकामा. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्याने बिचाऱ्याने वजन उतरवलं आणि टक्कल झाकायला केसांचा टोप घातला. शेवट वेगवेगळे काढून ठेवले आणि निकाल संगणकावर सोपवला. संगणक म्हणाला, मार्सियानो, तेराव्या राउंडात. युरोपात दाखवली त्या आवृत्तीत मात्र अली जिंकला. म्हणजे संगणकालाही गिऱ्हाइकाचं तोंड बघून केस कापता येतात. सगळ्यात वाईट म्हणजे चित्रपट लागायच्या आधीच मार्सियानो विमान अपघातात गेला. आपण जिंकलो हे त्याला कळलंच नाही.

दाढी आटोपली, तोंड मोकळं झालं. तुरटी फिरत असताना मी समेट घडवायला निघालो. नसता निघालो तर आज डोक्यावर केस असते.

"अहो, आपल्याकडे अशी लढत खरीखुरी झालीये," मी म्हणालो. "मेरी कोम आणि निखत झरीन. एक सहा वेळची जगज्जेती, दुसरी पुढची. डिसेंबर २०१९ला निवड चाचणीत भिडल्या. मेरी कोम ९-१ने जिंकली, आणि पुढे २०२२, २०२३ला निखत जगज्जेती झाली."

सलूनात शांतता पसरली. अण्णा माझ्याकडे, श्राद्धाच्या पानात कोणी कोलंबी वाढावी तसे बघत होते.

"झाली मां ती?" ते म्हणाले. "झाली ती झाली. तेच्यात गजाल ती कसली?"

पटलं मला. मेवेदर आणि पॅकियाव लढले तर काय, यावर जगाने पाच वर्षं भांडून काढली. २ मे २०१५ला ते एकदाचे लढले आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाला त्यात रस उरला नाही. न झालेल्या लढतीची चव झालेल्या लढतीला नाही.

"बरं, मग राउंड किती? पंधरा की बारा?" पोराने विचारलं. एवढा एकच शहाणा प्रश्न त्या सकाळी निघाला. अलीच्या जमान्यात जगज्जेतेपदाची लढत पंधरा राउंडांची. १९८२ला कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडात पडला आणि चार-पाच दिवसांनी गेला, तेव्हापासून पंधराचे हळूहळू बारा झाले. कात्री क्षणभर थांबली. मग अण्णा म्हणाले, पंधरा. सलूनवाला म्हणाला, बारा. आणि कात्री ठेवून त्याने केस कापायचं मशीन उचललं.

आणि तिथे, फडक्यात बांधलेला असताना, मला साक्षात्कार झाला.

होम्सने अलीला हरवलं, २ ऑक्टोबर १९८०. अलीचं वय ३८. इतका उतरलेला की पांढऱ्या केसांना काळा रंग लावून आला होता. टायसनने होम्सला पाडलं, जानेवारी १९८८. होम्सचं वय ३८. आणि टायसन? जून २००५ला केविन मॅकब्राइड नावाच्या कोणा आयरिश माणसासमोर सहा राउंडांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. वय, चाळिशीला दोन कमी. ३८!

"अरे, प्रश्न अली की टायसन हा नाहीच!" मी ओरडलो. "खंयच्या सालातलो अली? खंयच्या सालातलो टायसन? तुम्ही दोघं आपला जवान आणि दुसऱ्याचा म्हातारा आणून लढवताय! त्या तिघांनाही एकाच गड्याने हरवलंय, अडतिसाव्या वर्षाने!"

बोलता बोलता आरशात माझा मलाच दिसलो. येत्या मार्गशीर्षात मला अडतिसावं संपतं.

"आणि फोरमन?" अण्णा थंडपणे म्हणाले. "पंचेचाळिसाव्या वर्षी परत चॅम्पियन झालो, तो खंय बसवतलंस?"

माझा सिद्धांत एवढाच जगला. साल १९९४, समोर २६ वर्षांचा मायकल मूरर. फोरमन गुणांवर मागे होता, अंगावर वीस वर्षांपूर्वी किन्शासाला घातलेलीच लाल चड्डी, आणि दहाव्या राउंडात एक उजवा. मूरर आडवा.

"तोच ठोसो टायसनान मारल्यान असतो तर कसो मारल्यान असतो, दाखवतंय," सलूनवाला म्हणाला. अपरकट खालून वर येतो. टायसन गुडघ्यात वाकतो, समोरच्याच्या छातीशी शिरतो आणि मग कंबर फिरवून सगळं अंग मुठीतून वर फेकतो. सलूनवाला वाकला. शिरला. फिरला. मूठ वर आली. मुठीत मशीन होतं, आणि मशीन चालू होतं.

कानामागून टाळूपर्यंत सरळ पट्टा गेला. घाटात नवा रस्ता काढावा तसा, दोन्ही बाजूंना गर्द झाडी.

कोणी काही बोललं नाही. रस्त्यावर उभा असलेला पेपरवाला आत डोकावला आणि पुन्हा बाहेर गेला.

"मास्तरांनू, काळो कलर लावून झाकूया?" सलूनवाल्याने अगदी हळू विचारलं.

"अलीने लावला होता," मी म्हणालो. "हरला."

"मगे टोप? कुडाळाक गावतलो."

"मार्सियानो."

अण्णा बाकड्यावरून उठले, माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि पट्टा बोटाने चाचपला, डॉक्टर सूज बघतात तसा. "१९७४च्या फोरमनाच्या डोक्यार केसांचा जंगल होता," ते म्हणाले. "तेवा हरलो. १९९४क चकोट करून इलो." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. शून्य नंबरला चार मिनिटं लागली. पैसे सलूनवाल्याने दाढीचेच घेतले, उरलेलं डोकं आपल्यातर्फे म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा आई तुळशीपाशी होती. तिने वर बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली आला.

"कोण गेला रे?"

डोक्यात अजून सलूनच होतं. "फोरमन," मी म्हणालो. तसं खोटंही नव्हतं, तो मार्च २०२५मध्ये गेला.

"खंयचो फोरमन?" आईने पदर तोंडाला लावला. "मुंबयक आसता तो?"

मी समजावून सांगेपर्यंत गडग्यापलीकडच्या काकूंच्या कानावर 'गेला' एवढं पडलं होतं आणि माझं डोकं त्यांना दिसलं होतं. अर्ध्या तासात भावकीतून पहिला फोन आला. गणपतीला आठ दिवस, आणि सुतक नक्की किती घरांना? दुसरा फोन चुलत्यांचा, डोंबिवलीहून: रेल्वेची तिकिटं रद्द करायची का, कारण उशीर केला तर पैसे कापले जातात. तिसऱ्याने थेट विचारलं, "गेलेलो माणूस आपल्या गोत्रातलो मां?" मी म्हणालो, टेक्ससचा. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून फोन. मागे पेटी वाजत होती, कोणीतरी आरतीची तालीम करत होतं.

"मास्तरांनू, तुमच्या मूर्तीचे डोळे तेवडे उरलेत," मूर्तिकार अगदी जपून म्हणाला. "आखू, काय रवू?"