टिकटिकणारा बॉम्ब आणि ८,००० संशयित

कुठेही दहशतवादी हल्ला झाला की दोन दिवसांत एक मजकूर मराठी वाचकांपर्यंत हमखास पोहोचतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच असतो. इस्रायल संशयितांना थर्ड डिग्री लावतो, म्हणून तेथे बॉम्ब फुटण्याआधी सापडतात. तेथील कायदाच त्याला मुभा देतो. १९९९ मध्ये न्यायालयाने यंत्रणेचे हात बांधले आणि लगेच बसगाड्यांत स्फोट होऊ लागले. मार फक्त अतिरेक्यांना पडतो, निरपराध माणसाला भीती कशाची. आणि शेवटी, तुमचे मूल त्या बसमध्ये असते तर तुम्ही काय केले असते? आपल्याकडेही असाच खाक्या हवा, असा समारोप त्याला जोडलेला असतो.

या दाव्यातला सर्वांत वजनदार भाग मी आधी घेतो, कारण तो टाळून बाकीचे खोडणे सोपे असले तरी प्रामाणिक नव्हे. ऑक्टोबर १९९४ मध्ये हमासने नाखशोन वाक्समन या १९ वर्षांच्या इस्रायली सैनिकाचे अपहरण केले आणि कैद्यांच्या सुटकेसाठी मुदत दिली. अपहरणाच्या कटातला एक माणूस शिन बेत या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या हाती लागला, त्याची कठोर चौकशी झाली आणि काही तासांत जेरुसलेमजवळच्या बीर नबाला येथील घराचा ठावठिकाणा मिळाला. माहिती खरी निघाली. सैनिकांनी त्या घरावर छापा घातला, पण वाक्समन मारला गेला आणि छाप्याचे नेतृत्व करणारा अधिकारीही प्राणास मुकला. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्यानंतर चौकशीच्या पद्धतीचे समर्थनच केले. तेव्हा ‘मारून खरे कधीच बाहेर पडत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही. कधीकधी पडते. मात्र या प्रकरणात ओलीस जिवंत असल्याचे ठाऊक होते, मुदतीची वेळ ठाऊक होती आणि हाती आलेला माणूस कटात होता हेही ठाऊक होते. टिकटिकणाऱ्या बॉम्बचे उदाहरण ज्या अटींवर उभे असते, त्या सगळ्या येथे पूर्ण झाल्या होत्या.

अशी प्रकरणे किती होती, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इस्रायलच्याच पंतप्रधानांच्या तोंडून मिळते. एप्रिल १९९५ मध्ये अब्द अल-समद हरिझात हा पॅलेस्टिनी कैदी चौकशीनंतर मरण पावला. खांदे किंवा कॉलर धरून माणसाला पुढे-मागे जोरात हलवायचे, इतके की मान आणि डोके झोके खात राहील, अशी एक पद्धत होती. तिच्यामुळे मेंदूत रक्तस्राव होऊन हा मृत्यू झाल्याचे शवविच्छेदनातून निघाले. त्यावर वाद पेटला, तेव्हा ही पद्धत फारशी धोकादायक नाही हे पटवून देण्यासाठी राबिन यांनी सांगितले की ती आजवर सुमारे ८,००० संशयितांवर वापरली गेली आहे. बचाव म्हणून दिलेला हा आकडा मला कोणत्याही आरोपपत्राहून बोलका वाटतो. त्या वर्षांत ८,००० बॉम्ब टिकटिकत होते, असा दावा इस्रायलच्या कट्टर समर्थकांनीही केलेला नाही. एखाद्या वाक्समनसाठी म्हणून उघडलेल्या दारातून हजारो माणसे आत ढकलली गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत ना मुदत ठाऊक होती, ना बॉम्ब, ना त्या माणसाचा सहभाग.

‘तेथील कायदाच मुभा देतो’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. कबुलीजबाब काढण्यासाठी सरकारी नोकराने बळ वापरणे हा इस्रायलच्या १९७७ च्या दंडसंहितेनुसार गुन्हा आहे, आणि छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला त्या देशाने १९९१ मध्ये रीतसर मान्यता दिली आहे. मुभा आली ती एका आयोगाच्या अहवालातून. नाझी अधिकारी आयख्मान याच्या खटल्यात पीठासनावर बसलेले, सर्वोच्च न्यायालयाचे माजी अध्यक्ष मोशे लांदाऊ यांच्या आयोगाने १९८७ मध्ये ‘मध्यम प्रमाणात शारीरिक दबाव’ मान्य केला आणि त्याचा तपशील अहवालाच्या गुप्त भागात ठेवला. हा आयोग नेमावा का लागला, हे मात्र त्या मजकुरात कधीच नसते. १९८४ मध्ये ३०० क्रमांकाच्या बसचे अपहरण झाले. अपहरणकर्त्यांपैकी दोघे जिवंत पकडले गेले, पुढे शिन बेतच्या माणसांनी त्यांना ठार केले आणि ते चकमकीतच मेले असे सांगण्यात आले. परंतु त्यांच्यापैकी एकाला जिवंत नेत असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि बनाव उघडा पडला. त्यानंतर इझ्झत नफसूचे प्रकरण पुढे आले.

नफसू हा इस्रायली लष्करातलाच अधिकारी, चेर्केसी या इस्रायलमधल्या छोट्या मुस्लिम समाजातला. हेरगिरी आणि देशद्रोहाच्या आरोपांखाली १९८२ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली, आणि तिचा मुख्य आधार त्याचा कबुलीजबाब होता. हा कबुलीजबाब दबावाखाली घेतला होता आणि चौकशी अधिकाऱ्यांनी लष्करी न्यायालयात शपथेवर खोटे सांगितले होते, हे उघड झाल्यावर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गंभीर आरोप रद्द करून त्याची सुटका केली. तोवर सात वर्षांहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढला होता. ‘निरपराध माणसाला भीती कशाची’ या प्रश्नाला मी हे एकच नाव देईन. हा माणूस शत्रूपक्षातला नव्हता. त्याच सैन्याचा गणवेश त्याच्या अंगावर होता.

लांदाऊ आयोगाचा सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष मारहाणीबद्दल नाहीच. १९७१ पासून सुमारे १६ वर्षे शिन बेतचे चौकशी अधिकारी न्यायालयात सर्रास खोटी साक्ष देत होते आणि वरिष्ठांना ते माहीत होते, असे आयोगाने नोंदवले. तरीही त्यांच्यावर खटले भरू नयेत अशीच शिफारस केली. कोठडीत जे घडते ते उघडपणे सांगता येत नसेल, तर ते लपवण्यासाठी साक्ष बनवावी लागते, कागद बनवावे लागतात, आणि हळूहळू न्यायाधीशाला फसवणे हा नोकरीचाच भाग होतो. वेदना कोठडीतल्या माणसाला झाली, पण भिंतीबाहेरचे न्यायालयही त्यातून धड राहिले नाही.

आता १९९९ चा निकाल. ६ सप्टेंबर १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या, अहरोन बराक यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले की अशा पद्धती वापरण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने शिन बेतला दिलेला नाही. जोराने हलवणे, बेडकासारखे चवड्यांवर उकिडवे बसवणे आणि ‘शबाह’ या नावाने ओळखली जाणारी बैठक त्यांनी बेकायदा ठरवली. ‘शबाह’ म्हणजे पुढे उतरत्या लहान खुर्चीवर हात मागे बांधून बसवायचे, डोक्यावरून खांद्यापर्यंत गोणपाटाची पिशवी चढवायची आणि कानठळ्या बसवणारे संगीत लावून तासन् तास तसेच ठेवायचे. पिशवी कशासाठी, तर कैद्यांनी एकमेकांना ओळखू नये म्हणून. संगीत कशासाठी, तर त्यांनी आपसांत बोलू नये म्हणून, असे सरकारने न्यायालयात सांगितले. सरकारी वकिलांची ही सारवासारव वाचताना कुठल्याही देशातल्या पोलीस पंचनाम्याची आठवण होते.

या निकालानेच बसस्फोट सुरू झाले, हा कालक्रम उलटा आहे. तेल अवीवमधल्या डिझेनगोफ रस्त्यावर बसमध्ये २२ जण मारले गेले ते ऑक्टोबर १९९४ मध्ये, वाक्समनच्या मृत्यूनंतर पाचच दिवसांनी. जेरुसलेममध्ये १८ क्रमांकाच्या बसवर आठवड्याच्या अंतराने दोन हल्ले होऊन ४० हून अधिक लोक दगावले ते १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. या सगळ्या काळात लांदाऊ यांची मुभा पूर्ण अमलात होती. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, निकालानंतर वर्षभराने उसळला हे खरे, पण त्याआधी इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातली कॅम्प डेव्हिडची शांतता बोलणी फसली होती आणि इस्रायलचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते शारोन यांची जेरुसलेममधल्या टेम्पल माउंट या मुस्लिम व ज्यू दोघांनाही पवित्र असलेल्या जागेला भेट झाली होती. पुढे हल्ले ओसरले, तेव्हाही निकाल जागेवरच होता. वेस्ट बँकेतली लष्करी मोहीम, विभाजक भिंत, खबऱ्यांचे जाळे आणि घाऊक अटका यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांतल्या प्रत्येक उपायावर स्वतंत्र आक्षेप घेता येतील, तो वेगळा विषय.

हात खरोखर किती बांधले गेले, हाही प्रश्नच आहे. ‘गरजेपोटी केलेले कृत्य’ हा फौजदारी कायद्यातला बचाव न्यायालयाने शाबूत ठेवला, आणि शिन बेतने त्याचेच ‘गरजेची चौकशी’ असे नवे दालन उघडले. २०१९ मध्ये वेस्ट बँकेतल्या एका झऱ्यापाशी स्फोट होऊन एक किशोरवयीन मुलगी ठार झाली. त्या प्रकरणातल्या संशयिताला चौकशीनंतर मोडलेल्या बरगड्या आणि निकामी मूत्रपिंडांसह अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात न्यावे लागले. तो बॉम्ब तर महिन्यापूर्वीच फुटून गेला होता. तपास झाला, पण २०२१ मध्ये कोणावरही खटला न भरता तो बंद करण्यात आला. पॅलेस्टिनी प्राधिकरण आणि हमास आपल्याच विरोधकांना कोठडीत कसे वागवतात याचे पुरावेही ह्यूमन राइट्स वॉचने २०१८ मध्ये मांडले आहेत. त्यामुळे या कामात कोणा एकाच बाजूची मक्तेदारी आहे असे नाही.

‘आपल्याकडेही हेच हवे’ म्हणणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये दोषी ठरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले, आणि कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे मान्य करत ते बाजूला ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे, तेव्हा अखेरचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. पण आपल्याकडे हा खाक्या नव्हताच, असे मानून चालणाऱ्यांची समजूत त्यातून दूर व्हायला हरकत नाही. त्या स्फोटांत ज्यांनी घरचे माणूस गमावले, त्यांच्या हाती एकोणीस वर्षांनंतर काय पडले, याचा जाब कबुलीजबाबांवर विसंबलेल्या तपासाला द्यावा लागतो.

राहिला मुलाचा प्रश्न. माझे मूल त्या बसमध्ये असते तर कदाचित मीही हात उचलला असता, आणि न्यायाधीशाने माझी परिस्थिती पाहून मला माफ करावे अशी अपेक्षाही ठेवली असती. बराक यांच्या निकालाने नेमकी तेवढीच जागा मोकळी ठेवली आहे. एखाद्या अधिकाऱ्याने खऱ्या संकटात कायदा मोडला, तर त्याने नंतर न्यायालयासमोर उभे राहावे, काय केले ते खरे सांगावे आणि गरजेचा बचाव मांडावा. पण तोच बचाव आगाऊ परवान्यासारखा खिशात घालून त्याने कोठडीत शिरू नये. बापाची व्यथा संस्थेला उसनी घेता येत नाही. बाप ते एकदा करील आणि जन्मभर त्याचे ओझे वाहील, तर संस्था तेच ८,००० वेळा करते आणि त्यासाठी नमुना-अर्ज छापते.

निकालाचा एक भाग या मजकुरात कधीच उतरत नाही. सुरक्षेसाठी असा अधिकार आवश्यक वाटत असेल तर संसदेने तसा कायदा करावा, त्याची घटनात्मक कसोटी मग पाहता येईल, असे न्यायालयाने सरकारला स्पष्ट सुचवले होते. तेव्हापासून इस्रायलमध्ये डावी, उजवी आणि अतिउजवी अशी सर्व प्रकारची सरकारे आली, दुसरा इंतिफादा झाला, गाझाची युद्धे झाली. तसा कायदा क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, आजवर केलेला नाही.