सुंतेवर बंदी मागताय, पण त्या बाळाचं काय?

परवा आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सोसायटी घोडबंदर रोडला, आई-बाबा तिथे राहतात, पाणी कधी जाणार लिफ्ट कधी बंद हे मला इथे कोलोनला बसून कळावं म्हणून मी तो ग्रुप सोडलेला नाही. फॉरवर्डमध्ये लिहिलेलं की युरोपातल्या देशांनी लहान मुलांच्या सुंतेवर बंदी घातली, आपल्याकडे कधी घालणार, खालच्या लिंकवर सही करा. बघता बघता अंगठ्यांची रांग लागली, आणि एका काकांनी मलाच टॅग केलं, तू जर्मनीत आहेस ना गं, सांग जरा सगळ्यांना तिकडे कसं कडक आहे ते.

ग्रुपवर मी दोन ओळी टाकल्या पण हा विषय दोन ओळींचा नाहीच.

पहिलं म्हणजे बंदी नाहीये. युरोपातल्या एकाही देशात मुलग्यांच्या सुंतेवर सरसकट बंदी नाहीये. आइसलँडमध्ये २०१८ ला विधेयक आलं होतं, ६ वर्षांपर्यंत कैद, ते बारगळलं. डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी १८ वर्षांखाली नको म्हणून ५०,००० सह्या झाल्या, विषय संसदेत गेला, मंजूर झाला नाही. स्वीडनमध्ये २००१ पासून कायदा आहे पण तो बंदीचा नाही, वेदना होऊ देऊ नका आणि शिकलेल्या, परवानगी असलेल्या माणसाकडूनच करा असा आहे. आणि जर्मनीत जे झालं ते तर मी राहते त्याच शहरात झालं.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये कोलोनच्या एका डॉक्टरने ४ वर्षांच्या मुस्लिम मुलाची सुंता केली, आईवडिलांच्या सांगण्यावरून. दोन दिवसांनी रक्त यायला लागलं, आई त्याला घेऊन हॉस्पिटलला धावली, प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेलं आणि डॉक्टरवर केस झाली. ७ मे २०१२ ला इथल्या कोर्टाने सांगितलं की मुलाच्या शरीराला कायमचा बदल करणं ही इजाच आहे, आईवडिलांचा धर्म त्यापेक्षा मोठा नाही. डॉक्टर सुटला, कारण तोवर याबाबत कायदा स्पष्ट नव्हता, पण ते वाक्य राहिलं आणि देशभर नुसता गदारोळ.

मी तेव्हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि मी ठामपणे कोर्टाच्या बाजूने होते. शरीर त्याचं आहे, मोठा झाल्यावर तो ठरवेल, इतकं साधं. खरं सांगायचं तर हे मला आजही तसंच वाटतं. बदललं ते एवढंच, की पूर्वी वाटायचं एवढं पटलं म्हणजे कायदा करून टाकला की झालं.

ते बदललं ऑफिसमधल्या एका तुर्की कलिगमुळे. त्या उन्हाळ्यात त्याची बायको आठव्या महिन्यात होती, मुलगा होणार हे माहीत होतं. एकदा जेवताना त्याने मोबाईलवर त्याचा लहानपणचा फोटो दाखवला, ६ वर्षांचा असेल, पांढरा सॅटिनचा झगा, पाठीला केप, डोक्यावर पिसाची टोपी, छातीवर माशाल्लाह लिहिलेला पट्टा, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. म्हणाला, हा फोटो काढल्यावर तासाभराने मला धरलं. नक्की काय करणार हे कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या काकांनी हात धरून ठेवले त्यांच्या आफ्टरशेव्हचा वास त्याला अजून आठवतो, दुकानात तो वास आला तरी तो बाहेर पडतो.

मला वाटलं आता हा म्हणेल की मी माझ्या मुलाची करणार नाही. तो म्हणाला, डॉक्टर शोधतोय. आणि डॉक्टर मिळत नव्हता, कारण निकालानंतर सगळ्यांनी हात आखडते घेतले, बर्लिनच्या ज्यू हॉस्पिटलने सुद्धा काही काळ ही ऑपरेशनं थांबवली होती. त्याच्या सासूने कुठून तरी एक नंबर मिळवला, घरी येऊन करणारा माणूस, किचनच्या टेबलावर, पैसे रोख. तो नंबर त्यांच्या फ्रीजवर चिकटवलेला मी स्वतः पाहिलाय, बाळ बघायला गेले होते तेव्हा, पिझ्झाच्या पत्रकाशेजारी. बाळ पाळण्यात झोपलेलं आणि मला त्या कागदावरून नजर हटवता येईना.

त्यांनी तो फोन केला नाही. १२ डिसेंबर २०१२ ला इथल्या संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी कायदा केला, आईवडील संमती देऊ शकतात पण वैद्यकशास्त्राच्या नियमाने झालं पाहिजे, आणि बाळाच्या पहिल्या ६ महिन्यांत डॉक्टर नसलेला पण समाजाने नेमलेला, तसं शिक्षण घेतलेला माणूस चालेल. जानेवारीत त्यांच्या मुलाची झाली, मुलांच्या सर्जनकडे, भूल देऊन. मी त्याला विचारलं, तुला इतकं आठवतंय तरी? तो म्हणाला, म्हणूनच त्याला आठवण्याच्या आधी केली.

मला हे उत्तर पटलं नाही, आजही नाही पटत. पण त्या सहा महिन्यांत मी डोळ्यांनी काय पाहिलं, तर कोर्टाच्या वाक्याने त्या बाळाची सुंता टळली नाही, त्याचा डॉक्टर तेवढा गेला होता.

आता आपल्याकडे येते, आणि दुसऱ्यांबद्दल बोलायच्या आधी स्वतःच्या घरातलं सांगते. माझी मुलगी २०१५ ची. सात महिन्यांची असताना तिला ठाण्याला आणली आणि जांभळी नाक्याच्या बाजूला आमच्या नेहमीच्या सोनारांकडे कान टोचायला नेलं. त्यांनी शाईचे दोन ठिपके दिले, जरा लांबून बघून एक पुसून परत दिला, आईने डोकं धरलं, मी हात धरले. पहिल्या कानाला ती रडली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं, दुसऱ्याला अशी रडली की श्वास अडकला आणि ओठ निळसर झाले, मग फुंकर मार, पाणी लाव, जिभेवर साखर. सगळे हसत होते, मीही हसले. कोलोनला परत आल्यावर पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं, हे कशासाठी केलं? भांडायला नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. मी म्हटलं आमच्यात करतात. आणि म्हणता म्हणता मला जाणवलं की माझ्या कलिगच्या उत्तरामागे सुद्धा शेवटी हेच होतं. इथे २०१२ मध्येच बर्लिनच्या कोर्टात तीन वर्षांच्या मुलीच्या कान टोचण्यावरून वाद गेला होता, तेव्हा मी तो वाचून काय हे लोक म्हणून सोडून दिला होता.

कान आणि सुंता एक नाही, मान्य. कानाचं भोक बुजतं, कापलेली त्वचा परत येत नाही. पण जो नियम आपण मुंब्र्यातल्या, म्हणजे मुसलमान वस्तीतल्या बाळाला लावायला निघालोय तो नौपाड्यातल्या, आपल्या वस्तीतल्या बाळाला लावून बघायची तयारी नसेल तर आपल्याला नियमाची पडलेली नाही, आपल्याला मुंब्र्याची पडलीये.

आणि ठाण्यात हा विषय फक्त मुसलमानांचा नाहीच ना. ज्या ग्रुपवर सह्या मागतायत त्यातल्या किती जणांना माहितीये की टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला १८७९ चं सिनेगॉग आहे? ते बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घरात मराठी बोलणारे, आडनावं आपल्यासारखीच गावावरून पडलेली, कोकणात पिढ्यानपिढ्या तेल गाळलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली. आमच्या जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर एक काकू होत्या, गेल्या डिसेंबरात त्यांना भेटायला गेले तेव्हा हा विषय मीच काढला. त्यांच्यात सांगतात की नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. काकू म्हणाल्या, अगं भाषा गेली, पुस्तकं गेली, काय राहिलं, तर शब्बाथ (शनिवारची विश्रांती), शेमा (प्रार्थना) आणि आठव्या दिवसाची मिला, म्हणजे सुंता. मग त्यांच्या मुलाच्या वेळचं सांगितलं, बाळाला मांडीवर घेऊन मोठे माणूस बसलेले, कापसाचा बोळा वाइनमध्ये बुडवून बाळाच्या ओठाला लावलेला. आणि त्या कुठे होत्या? आतल्या खोलीत, कान झाकून. दोन्ही हात कानावर ठेवून त्यांनी मला ते करून दाखवलं, आज पंच्याहत्तरीत.

मी विचारलं, कायद्याने बंद केलं तर? त्या शांतपणे म्हणाल्या, लपून करू, सोडणार नाही.

भारतात सध्या मुलग्यांच्या सुंतेबद्दल वेगळा कायदा नाही. केरळ हायकोर्टात एक याचिका गेली होती, लहान मुलांची धार्मिक सुंता बेकायदा ठरवा म्हणून, २०२३ च्या मार्चमध्ये ती फेटाळली गेली. म्हणजे आज कुठल्याही खोलीत, कुठल्याही वस्तऱ्याने, भूल न देता केलं तरी काही बिघडल्याशिवाय कोणी विचारत नाही. हा माझा खरा राग आहे. आणि जे म्हणतात वैद्यकीय फायदा शून्य, त्यांनी हेही वाचावं की दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडात झालेल्या चाचण्यांवरून पुरुषांना बायकांकडून होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली होती, पण ती एचआयव्ही खूप पसरलेल्या देशांसाठी, आणि त्या चाचण्यांतले पुरुष मोठे होते, स्वतःहून आलेले. आठ दिवसांच्या बाळाला ती घाई नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो माझ्या भावानेच फोनवर विचारला. मी त्याला म्हटलं होतं, बाहेरच्यांनी बोलू नये, समाज आतून बदलेल तेव्हा बदलेल. तो म्हणाला, मग संमतिवयाच्या, म्हणजे लहान बायकोशी संबंध ठेवायला वयाची अट घालणाऱ्या कायद्याच्या वेळी टिळक हेच म्हणत होते ना, सुधारणा लोकांतून यावी, परक्या सरकारने कायदा करून लादू नये, आणि आपण शाळेत आगरकरांच्या बाजूने निबंध लिहिले ना? खरंय. रात्रभर ते डोक्यात होतं. आणि पुढे असंही की त्या कायद्यासाठी ज्यांनी रान उठवलं ते बेहरामजी मलबारी पारशी होते, त्यांनाही सांगितलं गेलं की तुमचा काय संबंध. म्हणजे बाहेरच्याने बोलूच नये हे म्हणणं टिकत नाही, मी ते मागे घेते.

पण १८९१ चा तो कायदा आला तो फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली त्यानंतर. मलबारींच्या लिखाणात त्या मुली होत्या, त्यांचं दुःख होतं. मी आमच्या ग्रुपवरचे सगळे मेसेज परत वर जाऊन वाचले. बाळ हा शब्द एकदाही नाही. वेदना नाही, भूल नाही. त्यांची जिरली पाहिजे आहे, हसण्याचे इमोजी आहेत, आणि एक असा जोक आहे जो मी इथे लिहिणार नाही, कारण फाळणीत आणि नंतरच्या दंगलींत पँट उतरवून माणसं कशी ओळखली आणि मारली ते मला माहितीये. मुंब्रा एवढं का वाढलं, ९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून माणसं तिथे का आली, हे ठाणेकराला कोणी सांगायला नको. जर्मनीत सुंतेवर बंदी असं म्हणताना लोक जपतात, कारण इथेही ज्यू पुरुष असेच ओळखून काढले होते, आठवणीत आहे ते.

जिथे इजा मोठी तिथे मात्र मी थांबायला तयार नाही. दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजातल्या मुलींची खतना, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापणं. तिच्यात मुलीला कसलाही फायदा नाही, उद्देशच तिची इच्छा मारायचा, आणि ती बंद करा म्हणून त्याच समाजातल्या बायका स्वतःच्या नावाने, स्वतःची सातव्या वर्षीची आठवण सांगत उभ्या राहिल्या. २०१७ ला सुप्रीम कोर्टात याचिका झाली, केंद्र सरकारने बंदीला पाठिंबा दिला, २०१८ मध्ये विषय मोठ्या पीठाकडे गेला. तिथे सही मागा, मी पहिली करीन. गंमत नाही वाटत की त्यासाठी आमच्या ग्रुपवर एकही लिंक आली नाही.

मुलग्यांसाठी मला काय हवंय ते मी काकांना पर्सनलवर लिहिलं. भूल दिल्याशिवाय नाही. डॉक्टर किंवा शिकलेला, नोंद असलेला माणूस असल्याशिवाय नाही. आईवडिलांना आधी कोणीतरी स्पष्ट सांगावं की आजार नसेल तर याची गरज नाही, लहानपणी पुढची त्वचा मागे न सरकणं नॉर्मल असतं, ते कारण देऊन ऑपरेशन गळ्यात मारू नका. आणि मुलगा बोलता झाला असेल, चार-सहा वर्षांचा असेल, तर त्याला झगा घालून फसवून नेऊ नका, तो नको म्हणाला तर थांबा. हे सगळं मुंब्र्याच्या बाईला, राबोडीच्या बाईला आणि आमच्या काकूंना आपलं वाटू शकतं. तुरुंगाच्या धमकीने त्या दार लावून घेतील आणि बाळ दाराच्या आत राहील.

काकांनी वाचलं, दोन निळ्या टिक दिसल्या. उत्तर नाही आलं.

धाकट्या बहिणीला गेल्या आठवड्यात मुलगी झाली, कळव्याला. बाराव्या दिवशी बारसं आणि त्याच दिवशी कान असं आईने सोनारांना सांगूनही ठेवलेलं. मी फोन करून म्हटलं, कान राहू दे, तिला पाच-सहा वर्षांची होऊ दे, मग तिलाच विचार. बहीण चिडली, म्हणाली तुझ्या मुलीच्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल. मी म्हटलं तेव्हा नव्हती. बारसं रविवारी आहे, कानाचं अजून ठरलेलं नाही.