जपानमधलं घोड्यांचं गाव आणि आपले रायडर

पुण्यात सध्या जपानी क्लासेसचं पेव फुटलंय, चौकाचौकात "एन फोर पास व्हा, जपानला चला" असे बोर्ड. एन फोर म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची एक सुरुवातीची पातळी. शिका की, माझं काहीच म्हणणं नाही. पण कुठल्या व्हिसावर चाललोय हे विचारणारा मात्र मला क्वचितच भेटतो.

उराकावा हे नाव किती जणांनी ऐकलंय? जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर हिदाका नावाचा भाग आहे, जपानचे रेसचे घोडे जवळपास ८० टक्के तिथेच जन्माला येतात, आणि उराकावा हे तिथलंच ११-१२ हजार वस्तीचं गाव. तरुण पोरं शहरात गेली, रेल्वेही गेली. २०१५ मध्ये लाटांनी रूळ उखडले ते कुणी नीट केलेच नाहीत आणि २०२१ ला लाईन कायमची बंद. घोडे मात्र दर वर्षी जन्मतातच ना, त्यांच्यावर बसणार कोण? तर आपले लोक. तीनशेच्या वर भारतीय आहेत तिथे, बरेचसे राजस्थानचे.

काम सोपं नाही हां. वर्षा-दीड वर्षाचं शिंगरू, पाठीवर कधी काही घेतलेलं नाही. आधी तोंडात लगामाची सवय, मग लांब दोरीवर फिरवायचं, मग एक जण त्याच्या पाठीवर नुसता पोटावर आडवा पडतो, घोडा बिथरला नाही तर हळूच मांड टाकतो. पडलं तर हाडही मोडतं. बर्फ पडला तरी सुट्टी नाही, तिथे छत घातलेला एक किलोमीटरचा सरळ ट्रॅकच आहे.

आता मुद्दा. हे लोक बहुतेक कुशल कामगाराच्या व्हिसावर जातात. जनावरं ट्रेन करण्याचा १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पण बायको-पोरं नेता येतात. याउलट परदेशी लोकांना शिकाऊ म्हणून कामाला आणायची १९९३ पासूनची 'टेक्निकल इंटर्न' स्कीम बघा. नाव ट्रेनिंगचं, काम भाजी तोडायचं नाहीतर मासे साफ करायचं, फॅमिली नाही, मालक छळतो म्हणून सोडणंही सोपं नाही, वर एजंटचं कर्ज. २०२३ या एका वर्षात साडेनऊ हजारांवर इंटर्न पळून गेले, आणि मग पेपरात काय तर परदेशी लोक गायब होतात! अहो पळतील नाहीतर काय करतील?

उराकावात सगळं गोडगोड असेल असं मी म्हणत नाही, बायकांना भाषा येत नाही, दवाखान्यात जायचं तरी पंचाईत. पण पोरं तिथल्या शाळेत जायला लागली की गावालाही यांच्याकडे लक्ष द्यावंच लागतं. एकट्या इंटर्नचं काय, तीन-पाच वर्षांनी परत पाठवला की विषय संपला.

२०२७ च्या एप्रिलपासून इंटर्न स्कीम जाऊन नवीन येतेय, त्यात एक-दोन वर्षांनी, परीक्षा-बिरीक्षा देऊन मालक बदलता येईल म्हणे. फॅमिली न्यायला बंदी मात्र तशीच. बोर्डवर हे कुणी लिहिणार नाही, तेव्हा फी भरायच्या आधी विचारा.